मेला कोण आणि फोटो कोणाचा: एकाच स्पॅनिश नावाच्या माणसांचा गुंता सोडवताना

२८ जुलै २०१३, रविवारची रात्र. एजन्सीवर ओळ आली: फर्नांडो अलोन्सो यांचे निधन. डेस्कवर नवीन आलेल्या मुलाने निधनवार्तेची चौकट केली, फोटो लायब्ररीत नाव टाकलं आणि पहिला आलेला फोटो लावला. लाल सूट, हातात हेल्मेट. पान सोडायला जेमतेम सात-आठ मिनिटं उरली होती. क्रीडा डेस्कवरचा सहकारी पाणी प्यायला उठला, त्याची नजर स्क्रीनवर गेली आणि तो ओरडलाच, "अरे, तो आत्ता संध्याकाळी हंगेरीत पाचवा आलाय!"

गेले होते क्युबाचे बॅलेगुरू फर्नांडो अलोन्सो. हवानात, वयाच्या ९८ व्या वर्षी, आदल्याच दिवशी. फोटोतला रेसिंगवाला अलोन्सो, म्हणजे फॉर्म्युला वनचा चालक, दुसऱ्या दिवशी ३२ वर्षांचा होणार होता. एजन्सीच्या कॉपीत वय दिलेलं होतं, शहर दिलेलं होतं. वाचलं कोणी नव्हतं, कारण नाव ओळखीचं वाटलं की पुढचं वाचायचं राहूनच जातं.

त्या रात्रीपासून हा बिघाड दुरुस्त करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. बातमी असो, संदर्भाचं कार्ड असो, प्रश्नमंजुषा असो, की स्पॅनिशमधून अनुवादलेला लेख, दुखणं एकच असतं. म्हणून एकदा लिहून ठेवतो. सोप्या आणि फुकटच्या तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर.

लक्षणं

- एकाच माणसाला दोन जन्मवर्षं, किंवा जन्माच्या शंभर वर्षं आधीचं कर्तृत्व.
- निधनवार्तेनंतरच्या आठवड्यात तोच माणूस गोल करतो किंवा पुस्तक काढतो.
- क्षेत्राची उडी न पटणारी. आमच्या एका जुन्या कार्डावर बोलिव्हियाचा हुकूमशहा, ग्रॅनडाचा कवी आणि लिव्हरपूलचा मिडफिल्डर एकच गृहस्थ होते.
- मजकूर एकाचा, फोटो दुसऱ्याचा.
- याच्या नेमकं उलट: माणूस एकच, पण होसे, जोस आणि जुझे अशा तीन नावांनी तीन कार्डं.

शेवटचं लक्षण वेगळ्या रोगाचं आहे, हे आधी पक्कं करा. दोघे एकात मिसळले असतील तर फोडायचं असतं, एकाचे तीन झाले असतील तर जोडायचं असतं. घाईत जोडायला गेलात तर पहिला रोग स्वतःच्या हाताने लावून घ्याल. शंका असेल तर कार्डं वेगळीच राहू द्या. वेगळी कार्डं नंतर जोडता येतात, एकजीव झालेलं कार्ड फोडायला अख्खी दुपार जाते.

१. वय विचारा (दहा सेकंद)

मजकुरातलं कोणतंही एक साल घ्या, त्यातून जन्मसाल वजा करा. उत्तर उणे आलं, किंवा सहा-सात वर्षांचा फुटबॉलपटू निघाला, तर तिथेच थांबा.

पाब्लो इग्लेसियास हे याचं ठरलेलं उदाहरण. स्पेनचा समाजवादी कामगार पक्ष १८७९ मध्ये माद्रिदला स्थापन झाला, तो पाब्लो इग्लेसियास यांच्या पुढाकाराने. पोदेमोस हा पक्ष २०१४ मध्ये निघाला, त्याचेही पहिले नेते पाब्लो इग्लेसियास. पहिले १८५० ते १९२५, दुसरे १९७८ चे. योगायोगही नाही, आईवडिलांनी पहिल्यांच्या नावावरूनच दुसऱ्यांचं नाव ठेवलं. देश एक, क्षेत्र एक, विचारांची बाजूही डावीच. अशा ठिकाणी सोडवणूक करतं ते फक्त साल, म्हणून ही तपासणी पहिली.

२. गाव आणि धंदा (एक मिनिट)

आपल्याकडे दोन विजय पाटील असले की आपण पटकन विचारतो, कुठले पाटील? तोच प्रश्न इथे. होसे एर्नान्देझ नावाचा अर्जेंटिनाचा कवी १८३४ साली जन्मला, त्याचा जन्मदिवस १० नोव्हेंबर तिथे परंपरा दिन म्हणून पाळतात. होसे एर्नान्देझ नावाचा कॅलिफोर्नियातला शेतमजुरांचा मुलगा २००९ मध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळात जाऊन आला. नासाने अकरा वेळा नाकारून बाराव्या अर्जाला त्याला घेतलं होतं. इथे क्षेत्र बघितलं की काम संपलं. पेद्रो रोद्रिगेझचंही तसंच: एक १९६८ ची ल मां शर्यत जिंकलेला मेक्सिकन चालक, दुसरा बार्सिलोनाकडून खेळलेला फुटबॉलपटू.

पण या तपासणीवर पूर्ण विसंबू नका. क्षेत्र वेगळं म्हणजे माणूस वेगळा, हे बहुतेक वेळा खरं. क्षेत्र एक म्हणजे माणूस एक, हे मात्र साफ खोटं. त्याचा पुरावा पुढे लुइस गार्सियांच्या रूपाने येतोच आहे.

३. शेवटचा शब्द फेकला गेलाय का?

निम्म्याहून जास्त गुंते माझ्याकडे इथेच सुटले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या नावात मधे वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. त्यामुळे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हे आपल्या हाताला इतकं बसलंय की डोकं वापरावंच लागत नाही. स्पॅनिश नावात शेवटी दोन आडनावं असतात. आधी वडिलांचं, मग आईचं. म्हणजे आईचे वडील जे आडनाव लावायचे ते. स्पेनमध्ये आता आईवडिलांना हा क्रम उलटाही करता येतो, पण ज्यांच्या बातम्या आपण लावतो त्यातल्या बहुतेकांची नावं जुन्या क्रमातली आहेत. रोजच्या वापरात दुसरं आडनाव गळतं आणि उरतं नुसतं लुइस गार्सिया. गार्सिया हे स्पेनमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, पहिलं आडनाव म्हणून ते लावणारे १४ लाखांहून अधिक. त्यापुढे आपले पाटील आणि कुलकर्णी काहीच नाहीत.

मग लुइस गार्सिया कोण कोण आहेत ते बघा, दुसऱ्या आडनावासकट:

लुइस गार्सिया सान्स. जन्म बादालोना, २४ जून १९७८. मे २००५ मध्ये लिव्हरपूलकडून चेल्सीविरुद्धचा तो गोल याचाच, ज्यात चेंडू रेषेपार गेला की नाही यावर अजून भांडणं होतात. २०१४ मध्ये अॅटलेटिको डी कोलकाता संघातून तो आपल्या इंडियन सुपर लीगमध्येही खेळला, आणि त्या वर्षी संघ विजेता ठरला.

लुइस गार्सिया पोस्तिगो. मेक्सिकोचा, १९६९ चा. १९९४ च्या विश्वचषकात ऑरलँडोला आयर्लंडविरुद्ध मेक्सिकोचे दोन्ही गोल याचे.

लुइस गार्सिया फर्नांदेझ. ओव्हिएदोचा, १९८१ चा, एस्पान्योलचा आघाडीपटू, पुढे प्रशिक्षक.

आता गंमत. सान्स आणि पोस्तिगो हे दोघेही अॅटलेटिको माद्रिदकडून खेळले, आणि दोघेही मेक्सिकोतल्या पूमास संघाकडूनही खेळले. देश पाहून सोडवायला जाल तर हा स्पॅनिश माणूस मेक्सिकोत सापडतो आणि तो मेक्सिकन स्पेनमध्ये. क्लब पाहाल तर दोन्ही क्लब जुळतात. वर आणखी मीठ: पोस्तिगोने आयर्लंडला ते दोन गोल घातले ती तारीख २४ जून १९९४. बरोबर त्या दिवशी सान्सला सोळावं सरून सतरावं लागलं. आमच्या कार्डावर हे दोघे तीन वर्षं सुखाने एकत्र नांदले. सुटले ते फक्त शेवटच्या शब्दाने.

मैदानाबाहेर यादी संपत नाही. गार्सिया मोन्तेरो हे १९५८ चे कवी. गार्सिया मेसा हे जनरल, ज्यांनी १९८० मध्ये बोलिव्हियात सत्ता बळकावली आणि २०१८ मध्ये शिक्षा भोगत असतानाच वारले. गार्सिया बेर्लांगा हे व्हॅलेन्सियाचे चित्रपट दिग्दर्शक. त्यांच्या नावावरून 'बेर्लांगियानो' असं विशेषणच स्पॅनिश अकादमीच्या कोशात गेलं. त्यांचं गार्सिया-बेर्लांगा हे मात्र जोड-आडनाव, दोन्ही मिळून एकच, आणि आईचं मार्ती त्याच्या पुढे. असा अपवाद दिसला की चिडू नका, नोंदवून पुढे जा.

दोन चुका टाळा. पहिली, शेवटचा शब्द फेकू नका. दुसरी, शेवटच्या शब्दाला मुख्य आडनाव समजू नका. हीच दुसरी चूक आमच्याकडे एस्पान्योलच्या लुइस गार्सिया फर्नांदेझच्या बाबतीत झाली. कोणीतरी मधला गार्सिया गाळून 'लुइस फर्नांदेझ' केलं. पण लुइस फर्नांदेझ म्हणजे १९८४ ची युरो स्पर्धा जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला मिडफिल्डर, जन्माने स्पेनमधल्या तारिफाचा. एक शब्द गाळला आणि चौथा माणूस उगवला.

मग स्पॅनिश लोक स्वतः काय करतात? पहिलं आडनाव फारच सर्रास असेल तर दुसऱ्याने ओळखतात. माजी पंतप्रधान होसे लुइस रोद्रिगेझ सापातेरो यांना सगळे सापातेरोच म्हणत. त्यामुळे मथळ्यात सापातेरो चालेल, पण संदर्भाच्या कार्डावर ते रोद्रिगेझ सापातेरो असेच, 'र' खाली.

बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. नवरा-बायको आडनावावरून जुळवायला जाल तर फसाल. आणि नियम मोडणारी बाई नेमकी आपल्या अलोन्सोंच्याच घरची: जगप्रसिद्ध नर्तकी अलिसिया अलोन्सो या माहेरच्या मार्तीनेझ, रंगमंचावर त्यांनी नवऱ्याचं आडनाव लावलं. नवरा म्हणजे आपले ९८ वर्षांचे फर्नांडो अलोन्सो रायनेरी. रेसिंगवाला आहे अलोन्सो दियाझ. त्या रात्री 'रायनेरी' एवढा एक शब्द कोणी वाचला असता, तर ओरडाआरडा वाचला असता.

४. बाप की लेक? (पाच मिनिटं)

स्पॅनिश घरांत मुलाला बापाचंच नाव ठेवणं अगदी सर्रास. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला मिळायचं, तिथे थेट मुलाला. मग नाव एक, वडिलांकडचं आडनाव एक, धंदाही बहुतेक वेळा एकच.

कार्लोस साइन्झ थोरले १९९० आणि १९९२ चे जागतिक रॅली विजेते. कार्लोस साइन्झ धाकटा फॉर्म्युला वनमध्ये. जानेवारी २०२४ मध्ये थोरल्याने वयाच्या ६१ व्या वर्षी डकार रॅली जिंकली, मार्चमध्ये धाकट्याने अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांत मेलबर्नची शर्यत जिंकली. त्या तिमाहीत 'साइन्झ जिंकला' अशी बातमी आली की मी आधी विचारायचो, गाडीला छप्पर आहे का?

इथेही आईचं आडनावच कामी येतं. थोरले साइन्झ सेनामोर, धाकटा साइन्झ वाझ्केझ दे कास्त्रो. आई बदलली की शेवट बदलतो. म्हणून सख्ख्या भावांची दोन्ही आडनावं सारखी असतात, बाप-लेकांचं फक्त पहिलं.

मेक्सिकोच्या हाविएर एर्नान्देझांचं प्रकरण तर मला फार आवडतं. बापाला हिरव्या डोळ्यांमुळे 'चिचारो' म्हणजे मटार म्हणत. त्यामुळे मँचेस्टर युनायटेडला खेळलेला लेक झाला 'चिचारितो', छोटा मटार. लेकाचं पूर्ण नाव हाविएर एर्नान्देझ बाल्काझार. हे बाल्काझार कुठून आलं म्हणून शोधलं तर आईचे वडील तोमास बाल्काझार निघाले, आणि त्यांनी १९५४ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध गोल केला होता. नातवाने २०१० च्या विश्वचषकात गोल केला, तोही फ्रान्सविरुद्धच. एका फालतू शब्दाचा पाठलाग केला आणि चौकटीला बातमी मिळाली.

५. नाव पुन्हा रोमन लिपीत शोधा (पंधरा मिनिटं)

हा खास आपला, देवनागरीचा घोटाळा. स्पॅनिश 'होसे' पोर्तुगीजमध्ये 'जुझे' होतो आणि इंग्रजी डोळ्यांनी वाचला की 'जोस'. गार्सियाला स्पेनच्या बऱ्याच भागात 'गार्थिया' म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत 'गार्सिया', त्यामुळे समालोचन ऐकून लिहिणारा वेगळं लिहितो आणि वाचून लिहिणारा वेगळं. 'हाविएर' आणि 'झेवियर' हे तर एकच नाव. ज्यांचं शव जुन्या गोव्यात बाँ जेझूसच्या बासिलिकेत आहे ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ साली स्पेनमधल्या नावार्रा भागात हाविएरच्या किल्ल्यात जन्मले. मूळचं ते गावाचं नाव. आता जगभर पोरांचं नाव आहे, आणि मुंबईतल्या कॉलेजचंही.

गोवा आणि वसईशी नातं असणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. आपले फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स, लोपीस ही पोर्तुगीज वळणाची, मूळ लेखनात शेवटी एस. स्पॅनिशमध्ये त्याच जागी झेड: फर्नांदेझ, रोद्रिगेझ, गोमेझ, लोपेझ. शेवटच्या 'एझ'चा अर्थ अमक्याचा मुलगा: फर्नांदोचा फर्नांदेझ, रोद्रिगोचा रोद्रिगेझ. देवनागरीत आपण दोन्हींना सरसकट फर्नांडिस लिहितो, आणि वाचकाला वाटतं की माद्रिदचा गोलकीपर मूळचा मडगावचा.

शिवाय पोर्तुगीज पद्धतीत आडनावांचा क्रम उलटा: आईचं आधी, वडिलांचं शेवटी. म्हणजे तिसऱ्या तपासणीतला नियम ब्राझीलच्या माणसाला लावलात की फसलात. अमेरिकेत राहणाऱ्यांचंही तसंच. तो अंतराळवीर होसे मोरेनो एर्नान्देझ, पण आडनाव एर्नान्देझच. मोरेनो हे तिथल्या रिवाजानुसार मधलं नाव आहे. अर्जेंटिनात एकच आडनाव लावणारेही भरपूर. म्हणून नियम लावण्याआधी माणूस कुठला, हे दुसऱ्या तपासणीतून आलेलं हवं.

६. फोटो

चेहऱ्यावरून ओळखू नका. फाइलच्या नावावरून तर मुळीच नको, कारण फाइलला नाव देणाऱ्याने दुसरं आडनाव हमखास खाल्लेलं असतं. एजन्सीची मूळ फोटोओळ उघडा आणि तारीख व ठिकाण वाचा. ती मिळाली नाही तर फोटो नाही. बिनफोटोची निधनवार्ता कोणाला खटकत नाही.

७. कार्ड फोडणं (अर्धा दिवस, चहा घेऊन बसा)

जुनं कार्ड पुसू नका. त्यावर फुली मारून बाजूला ठेवा आणि कोरी कार्डं घ्या, जितकी माणसं तितकी. माथ्यावर असं लिहा: गार्सिया सान्स, लुइस (१९७८, बादालोना, फुटबॉल). मग जुन्या कार्डावरची एकेक ओळ उचला आणि विचारा, ही कोणाची? पुरावा असेल तरच हलवा. ज्या ओळीचा मालक सापडत नाही ती बेवारस पाकिटात. आमच्या पाकिटात आजही नऊ ओळी आहेत, त्यातली एक कुठल्यातरी लुइस गार्सियाने कुठेतरी बुद्धिबळ स्पर्धा जिंकल्याची. राहू दे तिथेच.

आणि प्रत्येक नव्या कार्डाच्या तळाशी 'हा तो नव्हे' म्हणून बाकीच्यांची नावं लिहा. हे केलं नाही तर सहा महिन्यांत कोणीतरी उत्साही माणूस ती सगळी परत जोडून ठेवतो. अनुभव आहे.

कुठे थांबायचं

काही ठिकाणी स्वतः डोकं चालवणं म्हणजे विषाची परीक्षा.

निधनाची बातमी एकाच ठिकाणाहून आली असेल आणि वय किंवा गाव दिलेलं नसेल, तर थांबा. एजन्सीच्या डेस्कला फोन लावा. पान उशिरा गेलेलं परवडतं.

अटक, खटला, घोटाळा, उत्तेजक चाचणी यांतलं काही असेल आणि नाव सर्रास असेल, तर दुसरं आडनाव मिळेपर्यंत एक अक्षर छापू नका. मिळालं तरी कायदेशीर सल्लागाराला दाखवा. प्रसिद्ध माणसाच्या नावाचा एखादा साधा माणूस यात भरडला गेला तर दुसऱ्या दिवशीच्या चार ओळींच्या खुलाशाने त्याचं काहीच भरून येत नाही.

दोन्ही आडनावं जुळली, साल जुळलं, शहरही जुळलं, तर तो तुमच्या-माझ्या आवाक्यातला गुंता नाही. स्पेनचं सरकार अशांना ओळखपत्रावरच्या आठ अंकांनी आणि एका अक्षराने वेगळं करतं. तो आकडा आपल्याला दिसत नाही, आणि दिसूही नये.

मूळ कागद स्पॅनिशमध्ये असेल तर यंत्राने केलेल्या भाषांतरावर नाव ठरवू नका. इग्लेसियासचं 'चर्च' आणि सापातेरोचं 'चांभार' झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. स्पॅनिश शिकवणारं कोणी गाठा. जवळपास कोणी नसेल तर दिल्लीत इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेस आहे, स्पेन सरकारची भाषासंस्था. २०१८ मध्ये तिच्या जगभरच्या कारभाराचे संचालक म्हणून नेमले गेले ते लुइस गार्सिया. मोन्तेरो, बरं का. कवी.